दर्शनी किंमत

मराठी भाषेने नाण्याला फार मोठा मान दिला आहे. सचोटीच्या माणसाला आपण ‘बंदा रुपया’ म्हणतो. ज्याच्या बोलण्यात खोट नाही, त्याचे नाणे खणखणीत असते. जे सर्वत्र खपते ते चलनी नाणे आणि जे उघडे पडते ते खोटे नाणे. या सर्व शब्दप्रयोगांच्या मुळाशी एक गृहीत आहे. नाणे हातोहात फिरते, अनोळखी माणूस ते वाजवून पाहतो आणि पटले तर स्वीकारतो. कुणाच्याही हाती न जाणारे, वाजवून पाहण्याची ज्याला मुळी मनाई आहे, असे नाणे आपल्या पूर्वजांच्या कल्पनेतही आले नसते. आज मात्र जगातील बहुतेक टाकसाळी असली नाणी वर्षानुवर्षे पाडीत आहेत. ती डबीत जन्माला येतात आणि डबीतच राहतात. त्यांना स्मारक नाणी म्हणतात, आणि हे नाव त्यांना शोभत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत मांडण्यासाठी मी मुद्दामच या वर्गातील सर्वांत देखणे उदाहरण घेत आहे. कुरूप वस्तूवर टीका करण्यात पुरुषार्थ नाही. रशियाने आपल्या बॅले नृत्याच्या गौरवार्थ काढलेली नाणी कोणत्याही रसिकाला मोह पाडतील अशी आहेत. सोव्हिएत संघाच्या अखेरच्या काळात, १९८९ ते १९९१ या वर्षांत, पॅलॅडियम या दुर्मीळ धातूची २५ रूबलची बॅले-नाणी निघाली. संघ फुटल्यावर नव्या रशियाने ती प्रथा मोडली नाही, उलट वाढवली. १९९३ साली एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम, शुद्ध चांदी असलेले ३ रूबलचे नाणे आले. पुढे १९९५ मध्ये ‘स्लीपिंग ब्यूटी’, १९९६ मध्ये ‘नटक्रॅकर’, १९९७ मध्ये ‘स्वान लेक’ आणि १९९९ मध्ये ‘रेमोंडा’ या नृत्यनाट्यांवर नाण्यांच्या मालिका निघाल्या. मागची पार्श्वभूमी आरशासारखी चकचकीत आणि त्यावर उठावदार नर्तकी मात्र दवासारखी धूसर, ही किमया घासूनपुसून लख्ख केलेल्या ठशांनी आणि जादा दाबाने साधते. एका पायाच्या अंगठ्यावर तोललेले शरीर, मागे ताणलेला दुसरा पाय, पाकळ्यांसारखा पसरलेला झगा हे सारे रुपयाहून थोड्या मोठ्या चकतीवर आणणे सोपे काम नव्हे. त्या कारागिरांच्या हाताला माझा नमस्कार आहे. माझे भांडण त्या नाण्यावर लिहिलेल्या आकड्याशी आहे.

तो आकडा आहे ‘३ रूबल’. याला दर्शनी किंमत म्हणतात. १९९३ च्या मध्यास एका अमेरिकी डॉलरला सुमारे एक हजार रूबल पडत होते. म्हणजे तीन रूबलांची किंमत अमेरिकी सेंटच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. त्याच नाण्यातील चांदी मात्र त्या वेळच्या भावाने चार-पाच डॉलरची. आत आहे त्याच्या हजाराव्या भागाइतकीही किंमत बाहेर लिहिलेली नाही! एखाद्या दुकानदाराने मालाच्या गठ्ठ्यावर असा आकडा लिहिला असता, तर वजनमापे खात्याचा निरीक्षक दारात उभा राहिला असता. येथे आकडा लिहिणारी एका महासत्तेची मध्यवर्ती बँक होती.

कोणी म्हणेल, दर्शनी किंमत ही निव्वळ औपचारिक बाब आहे, तिच्यावर एवढे रागावण्याचे कारण काय? कारण आहे. आयुष्य सरकारी कागदांवर सह्या करण्यात गेलेल्या माणसाला एवढे निश्चित ठाऊक असते की, शासनाने लिहिलेला आकडा ही शासनाची जबान असते. धातूचा तुकडा आणि नाणे यांत फरक करणारी गोष्ट तीच. तुकड्याची किंमत सराफ ठरवतो, नाण्याची किंमत राज्य ठरवते आणि ‘हे घेऊन ये, मी एवढ्याला मानीन’ असा शब्द देते. आता १९९३ साली त्या राज्याच्या शब्दाची सामान्य रशियन माणसाच्या घरी काय किंमत होती, तेही पाहावे. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९९२ मध्ये, तेथील किमती वर्षभरात पंचवीसपटींहून अधिक वाढल्या. जन्मभर साठवलेली पुंजी मीठ-पावात संपली. आणि १९९३ च्या जुलै महिन्यात मध्यवर्ती बँकेने १९६१ ते १९९२ या काळातील नोटा एकाएकी रद्द केल्याचे जाहीर केले. बदलून घेण्यासाठी मुदत थोडी, रकमेवर मर्यादा, आणि बँकांसमोर रांगा. २०१६ चा नोव्हेंबर आपण पाहिलेला असल्याने त्या रांगांचे वर्णन करण्याची गरज नाही. ज्या राज्याने म्हातारीच्या उशाखालच्या नोटेला दिलेला शब्द फिरवला, तेच राज्य त्याच वर्षी परदेशी संग्राहकाच्या डबीत नर्तकीची चांदी ठेवत होते. दुष्काळात तेरावा महिना म्हणावा, तर हा महिनाही दुसऱ्याच्याच पंचांगातला!

ही नाणी रशियन जनतेसाठी नव्हती, हे त्यांच्या धातूवरूनच उघड होते. मौल्यवान धातूंची स्मारक नाणी परदेशांत विकून परकीय चलन मिळवण्याचा मार्ग सोव्हिएत राजवटीने १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकच्या निमित्ताने चांगलाच रुळवला होता. सोने, चांदी आणि प्लॅटिनम बाहेरच्यांसाठी, तांबे-निकेल घरच्यांसाठी. बॅलेच्या बाबतीत तर ही वाटणी फार बोलकी आहे. ‘स्वान लेक’, ‘स्लीपिंग ब्यूटी’ आणि ‘नटक्रॅकर’ या तिन्हींचे संगीत ज्याचे, त्या चायकोव्हस्कीच्या जन्माला १५० वर्षे झाली तेव्हा, १९९० साली, त्याच्या नावाने तांबे-निकेलचा साधा एक रूबल निघाला. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ आणि ‘सिंड्रेला’ या बॅलेंचा संगीतकार प्रोकोफिएव्ह याच्या जन्मशताब्दीला, १९९१ साली, तसाच एक रूबल निघाला. त्याच वर्षांत अनामिक नर्तकी पॅलॅडियमवर नाचत होती. संगीतकाराला तांबे आणि नर्तकीला पॅलॅडियम, असा हा क्रम कलेच्या कोणत्या शास्त्रात बसतो? तो बाजाराच्या शास्त्रात बसतो. परदेशी गिऱ्हाईक दाढीवाल्या संगीतकाराच्या मुखवट्यापेक्षा नर्तकीच्या देहाकृतीला अधिक पैसे मोजते, हे विकणाऱ्याला पक्के ठाऊक होते.

यावर ‘नर्तकीला चांदीचा मान मिळाला, तुम्हाला का खुपते?’ असे विचारले जाईल. त्यासाठी रशियन बॅलेचा थोडा मागचा इतिहास आठवावा लागेल. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील बड्या सरदारांनी आपल्या भूदासांमधून नट, गायक आणि नर्तक तयार केले. कुस्कोवो आणि ओस्तान्किनो येथील शेरेमेतेव्ह घराण्याची रंगमंदिरे त्यासाठी प्रसिद्ध होती. त्या घरच्या कलावतींना रत्नांची नावे दिली जात. प्रास्कोव्या ही गायिका ‘झेम्चुगोवा’, म्हणजे मोती. तात्याना ही नर्तकी ‘ग्रानातोवा’, म्हणजे रक्तमणी. किती सुंदर नावे! परंतु मालकीच्या माणसाला मालकीच्या जिनसेचे नाव देण्यात कौतुक किती आणि कब्जा किती, हे सुज्ञास सांगायला नको. भूदासप्रथा १८६१ मध्ये गेली, पण कलावतीला रत्नाप्रमाणे मखमलीत ठेवून पाहुण्यांना दाखवण्याची सवय गेली नाही. दरबाराने ती चालवली, सोव्हिएत राजवटीने चालवली. ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत सत्ता उलथवण्याचा प्रयत्न झाला, रस्त्यांवर रणगाडे आले, तेव्हा सरकारी दूरचित्रवाणीवर ‘स्वान लेक’ दाखवले जात होते. बाहेर राष्ट्राचे भवितव्य ठरत असताना पडद्यावर हंसिनी तरंगत होत्या. सहाच वर्षांनी त्या हंसिनी चांदीवर आल्या. ज्या पिढीच्या मनात त्या नृत्याशी ते तीन दिवस कायमचे जोडले गेले, तिच्यापैकी किती जणांनी ते नाणे डोळ्यांनी पाहिले असेल?

आता या नाण्यांच्या कैवाऱ्यांचे युक्तिवाद एकेक करून घेऊ. पहिला युक्तिवाद कलेचा. नाणे ही शिल्पकला आहे, तिला व्यवहाराच्या तराजूत का तोलता, असे ते म्हणतात. उत्तर सोपे आहे. शिल्पच करायचे तर पदक करा. पदक ही प्राचीन आणि प्रतिष्ठित कला आहे. युरोपात पंधराव्या शतकापासून थोर कलावंतांनी पदके घडवली आहेत. पदक आपण पदक आहोत हे लपवत नाही, त्याच्यावर खोटी किंमत नसते. मग त्याच चांदीवर तीच नर्तकी कोरून त्याखाली ‘३ रूबल’ का लिहायचे? कारण ‘कायदेशीर चलन’ हे दोन शब्द जोडले की गिऱ्हाइकाला वाटते, यामागे राज्य उभे आहे. म्हणजे कलेच्या युक्तिवादाला खरा आधार कलेचा नसून मुद्रेचा आहे. नाण्याची नक्कल हा गंभीर गुन्हा असल्यामुळे या नाण्यांना संरक्षण मिळते, एवढे मी मान्य करतो. परंतु शुद्धतेची हमी द्यायला धातूवरची सरकारी छाप पुरते; त्यासाठी चलनाचे सोंग घ्यावे लागत नाही.

दुसरा युक्तिवाद गुंतवणुकीचा. आपल्या घरांत तो विशेष चालतो, म्हणून त्याकडे नीट पाहू. १९९३ साली औंसाला पाच डॉलरच्या आतबाहेर असलेली चांदी ऑक्टोबर २०२५ मध्ये पन्नास डॉलरच्या वर गेली. तेव्हा ‘बघा, नाणे दसपट झाले!’ असे म्हणणारे भेटतील. दसपट झाली ती चांदी. तेवढ्याच वजनाची साधी लगड घेणाऱ्यालाही तोच लाभ झाला, आणि त्याने सुरुवातीला नर्तकीचे जादा पैसे मोजले नव्हते. पॅलॅडियमची कथा याहून बोधप्रद आहे. जानेवारी २००१ मध्ये ते औंसाला हजार डॉलरच्या पुढे गेले, दोनेक वर्षांत दोनशेच्या खाली आले आणि मार्च २०२२ मध्ये, रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर, तीन हजारांच्या वर चढले. या चढउतारात मोटारींच्या धुराड्यांतील यंत्रांचा वाटा आहे, युद्धाचा आहे. बॅलेचा काडीइतकाही नाही. काही दुर्मीळ नाण्यांना हौशी माणूस अधिक मोल देतो हे खरे, पण तो हौशी माणूस शोधावा लागतो, आणि अडल्या वेळी तो सापडत नाही. अडल्या वेळी सापडतो तो सराफ. सराफाच्या तराजूला नर्तकी दिसत नाही, ग्रॅम दिसतात.

तिसरा युक्तिवाद ‘यात कोणाचे काय बिघडते?’ असा असतो. हौशी माणूस खुशीने घेतो, तिजोरीत चार पैसे पडतात. बिघडते ते असे. एकदा राज्याला कळले की आपले चिन्ह आणि आपला आकडा विकता येतो, की काय विकायचे याला धरबंद राहत नाही. पॅसिफिक महासागरातील न्यूए या बेटाची लोकसंख्या दोन हजारांच्याही आत आहे आणि तेथे व्यवहार चालतो तो न्यूझीलंडच्या डॉलरचा. तरीही त्या बेटाच्या नावाने डिस्नेच्या व्यंगचित्रांची आणि अंतराळपटांतील पात्रांची चांदीची नाणी परदेशी टाकसाळीत पडतात आणि जगभर विकली जातात. त्या नाण्यांनी त्या बेटावर कुणी नारळ विकत घेत असेल, असे मला वाटत नाही. रशियाची नर्तकी आणि न्यूएचा व्यंगचित्रातील उंदीर यांत कलेच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर असेल, पण दोघांच्या पाठीमागचा व्यवहार एकच आहे. सार्वभौमत्वाचा शिक्का भाड्याने देणे हा तो व्यवहार. नर्तकीला उंदराच्या पंक्तीला बसवले ते मी नव्हे. तिच्याखाली खोटा आकडा लिहिणाऱ्यांनी बसवले.

मग बॅलेचे खरे स्मारक रशियाच्या चलनात झालेच नाही का? झाले, आणि ते कागदावर झाले. रूबलमधील तीन शून्ये उडवून १ जानेवारी १९९८ पासून नवे चलन सुरू झाले, त्यातील १०० रूबलच्या नोटेवर मॉस्कोचे बोल्शॉय रंगमंदिर आले. पुढच्या बाजूस रंगमंदिराच्या माथ्यावरील अपोलोचा चार घोड्यांचा रथ आणि मागच्या बाजूस रंगमंदिराची इमारत. ज्या रंगभूमीवर १८७७ साली ‘स्वान लेक’ प्रथम सादर झाले, ती संस्था भाजीवाल्याच्या गल्ल्यात, शाळकरी मुलाच्या खिशात आणि पेन्शनरच्या पाकिटात गेली. नोट मळली, दुमडली, फाटली, पण पोहोचली. २०१४ साली तेथील संसदेच्या एका सदस्याने या नोटेवरील अपोलो विवस्त्र असून मुलांच्या दृष्टीस पडतो, अशी तक्रार केली. तक्रार हास्यास्पद होती, परंतु माझ्या दृष्टीने ती त्या नोटेला मिळालेली सर्वांत मोठी पावती आहे. लोकांच्या हातात असलेल्या गोष्टीवरच लोक भांडतात. चांदीच्या नर्तकीवरून रशियात असे कोणतेही भांडण संसदेपर्यंत गेले नाही, कारण भांडायला ती कुणी पाहिलेलीच नव्हती. २००१ साली गागारिनचा चेहरा त्यांनी रोजच्या चलनातील नाण्यांवर आणला. थोर बॅलेरिना गालिना उलानोव्हा हिच्या जन्मशताब्दीला, २०१० साली, मात्र २ रूबलचे चांदीचे नाणे काढले. निदान नर्तकीला नाव मिळाले, हे मी नोंदवतो. परंतु अंतराळवीर सर्वांचा आणि नर्तकी संग्राहकांची, हा भेद कायमच राहिला.

हे सारे परक्यांचे म्हणून सोडून देता येत नाही, कारण आपणही त्याच वाटेने निघालो आहोत. १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीला १५ ग्रॅम वजनाचे, ऐंशी टक्के चांदीचे दहा रुपयांचे नाणे निघाले, पण त्याच गांधीजींना २० पैशांच्या पिवळ्या नाण्यावरही स्थान मिळाले. ते २० पैसे आपल्यापैकी कित्येकांनी खर्च केले आहेत. १९९९ मध्ये ज्ञानेश्वर माउली एक रुपयावर आणि शिवछत्रपती दोन रुपयांवर आले. इंदूरच्या सराफ्यात, बेळगावच्या बाजारात, बडोद्याच्या रिक्षात ती नाणी दिली-घेतली गेली. कानडी, गुजराती आणि हिंदी बोलणाऱ्या हातांत आपला राजा आणि आपला संत कसलाही गाजावाजा न करता पोहोचला. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

आता मात्र आकडे पाहा. २०२० मध्ये राजमाता विजयाराजे शिंदे यांच्या जन्मशताब्दीला १०० रुपयांचे नाणे. २०२३ मध्ये नव्या संसदभवनाच्या उद्घाटनाला ७५ रुपयांचे नाणे, निम्मी चांदी असलेले. ३१ मे २०२५ रोजी भोपाळ येथे लोकमाता अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीनिमित्त ३०० रुपयांचे नाणे. ७५ रुपयांचे किंवा ३०० रुपयांचे नाणे कोणत्या व्यवहारात चालते? २०११ च्या नाणे कायद्यानुसार एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंतची नाणी वैध देणे ठरतात, तेव्हा कायद्याने ते चालेल. पण दर्शनी किमतीच्या कितीतरी पट देऊन घेतलेले नाणे कोण वेडा किराण्याच्या दुकानात देईल? ग्वाल्हेरच्या राजमाता आणि इंदूरच्या लोकमाता, दोघीही डबीत बसल्या. अहिल्याबाईंच्या काळी महेश्वरच्या टाकसाळीत पडलेल्या रुपयांवर शिवलिंग आणि बेलपत्र असे, आणि ते रुपये माळव्यातील शेतकरी, व्यापारी, यात्रेकरू यांच्या हातांतून फिरत. जिने आपल्या हयातीत चालते नाणे पाडले, तिच्या स्मरणार्थ न चालणारे नाणे काढणे हा गौरव आहे, असे मानायला मी तयार नाही.

शासनाला चांदी विकायची असेल तर त्याने खुशाल विकावी; पण तिला पदक म्हणावे आणि तिच्यावरचा आकडा काढून टाकावा. आणि ज्याला नाणे म्हणायचे, ते आधी एक, दोन, पाच, दहा किंवा वीस रुपयांत पाडून बाजारात सोडावे. संग्राहकांची आवृत्ती त्यानंतर. हे अशक्य नाही. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाची नाणी २०२२ मध्ये नेमकी याच पाच मूल्यांत निघाली आहेत. ठसे तेच, यंत्रे तीच, हैदराबाद आणि मुंबईच्या टाकसाळी त्याच. कमी आहे ती थोरांना सामान्यांच्या मळक्या हातांत देण्याची तयारी. ती तयारी नसेल, तर निदान ‘स्मारक’ हा शब्द तरी वापरू नये. स्मरण ही करण्याची गोष्ट आहे आणि ती पुष्कळांनी मिळून करायची असते. मुलाने बसच्या वाहकाकडून परत मिळालेला रुपया उलटून पाहावा आणि ‘हे कोण?’ असे आजोबांना विचारावे, एवढ्यासाठीच तर नाण्यावर चेहरा कोरतात. कुलूपबंद डबीतल्या चांदीला हा प्रश्न कोणी विचारीत नाही.